जपानी पाहुण्यांसाठी बाग साफ केली त्याची हकिगत

ता. रावेर, जि. जळगाव
श्रावणातला शुक्रवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप तोताराम आबा यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा शालिग्राम याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (तुम्ही वयानं मोठे म्हणून हात जोडले, आणि गेल्या पोळ्यापासून माझ्याशी बोलत नाही म्हणून जरा लांबूनच जोडले.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचं बीपी? तापीला पाणी चढलं होतं असं पेपरात वाचलं, तुमच्या काठापर्यंत आलं नाही ना? इकडे आम्ही सर्व ठीक. प्रमिलाचे पाय दुखतात, पण ते दुखणं तुमच्याच घरून आंदण आलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पाऊस बरा आहे.

पत्र पाहून तुम्ही म्हणाल, आजच्या काळात पत्र कोण लिहितं? तर आबा, तुम्ही फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवरचा तुमचा तो फेटा बांधलेला फोटो दिसेनासा झाला तेव्हा मला वाटलं, आबांना वैराग्य आलं. मग चारूनं सांगितलं की पप्पा, याला ब्लॉक करणं म्हणतात. शिवाय पत्राचा एक फायदा आहे, समोरच्याला ते मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतं, हे मला कळतं. पण तुम्ही कुठलाही कागद वाचल्याशिवाय फाडत नाही, हा तुमचा स्वभाव मला माहीत आहे.) नासीरभाई केळीच्या क्रेटची रिकामी गाडी घेऊन शिंदखेड्याकडे निघणार आहेत, त्यांच्या हाती देतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, या पत्रात माझं कसलंही काम नाही. निव्वळ ख्यालीखुशाली.

तर चारू घरी आलीय. तुमची भाची जपानच्या विद्यापीठात आहे हे तुम्ही सगळ्या शिंदखेडा तालुक्याला सांगून झालंय, पण ती तिकडे कॉम्प्युटर शिकते असंही सांगता म्हणे. कॉम्प्युटर नव्हे आबा, केळी. म्हणजे केळीवरचा हरण्या रोग. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पानं फाटतात, मधल्या कोवळ्या पानाचा पोंगा सडतो आणि झाड उभ्याउभ्या बसतं, तो. लोक मला विचारतात, केळी शिकायला रावेरची पोरगी जपानला कशाला गेली? मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. पण चारूनं समजावलं की हरण्याचा जो विषाणू आहे तोच तिकडे त्यांच्या काकडी-टोमॅटोत शिरतो, आणि तिच्या विद्यापीठात त्याच्यावर कैक वर्षं काम चाललंय. ते लोक देशोदेशीचे हरण्ये गोळा करतात आणि कोण कोणाचा कोण लागतो ते शोधत बसतात, आपण सोयरीक जमवताना कूळमूळ काढतो तसं. फिलिपाइन्सचा आहे त्यांच्याकडे, तैवानचा आहे, फक्त खानदेशातला नाही. तो आणायचा चारूनं. तिच्या पीएच.डी.चा शेवटचा भाग म्हणजे आपला हरण्या. तो मिळाला तर येत्या मार्चला पोरगी डॉक्टर. नाही मिळाला तर जपान सरकारची शिष्यवृत्ती त्याच मार्चला संपते आणि पोरगी अर्धा प्रबंध बगलेत मारून घरी. आणि तिकडे मार्च म्हणजे मार्च असतो आबा, 'बघू पुढच्या टर्मला' असं काही नसतं.

तिचे गाईड नागाकुरा सर. तिकडे सरांना सेन्सेई म्हणतात. साठीचा माणूस, अंगानं काडी, केस पांढरेशुभ्र, बोलणं इतकं हळू की ऐकायला पंखा बंद करावा लागतो. नाव फार मोठं, पण ठरलेल्या वारी सगळी प्रयोगशाळा मिळून झाडलोट करते तेव्हा हे स्वतः फरशी पुसतात. (चारूनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुमच्या बहिणीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.) त्यांच्या विद्यापीठाचा आणि जळगावच्या एका कॉलेजचा करार झालाय, त्यांची मुलं इकडे येतील, आपली तिकडे जातील. करारावर सह्या दोघांनी केल्या, पण फोटोत मागे इतके लोक उभे आहेत की सह्या करणारे दिसतच नाहीत. पान जपानला न्यायचं नाही, त्यांच्या विमानतळावर हिरवा तुकडासुद्धा चालत नाही. पान जळगावच्या प्रयोगशाळेत न्यायचं, तिथेच तपासायचं आणि निकाल तेवढा घेऊन जायचा. एवढ्याच्या परवानग्या काढता काढता चारूचं वर्ष गेलं.

सेन्सेईंना घेऊन ती येणार असं ठरलं आणि तिचा फोन आला. म्हणाली, पप्पा, सरांना बाग जशी आहे तशी बघायचीय, तुम्ही काही तयारी करू नका. आता आबा, तुम्हीच न्याय द्या. आपल्या मुलखात 'काही तयारी करू नका' याचा अर्थ काय होतो? आमच्याकडे येताना तुम्ही आजवर दर वेळी हेच म्हणालात. एकदा प्रमिलानं ते खरं मानून नुसती खिचडी टाकली, तर वहिनी ती खिचडी अजून काढतात. काही करू नका म्हणजे नेहमीपेक्षा चार गोष्टी जास्त करा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी कामाला लागलो.

यंदा माझ्या बागेत दोन-चार झाडांना हरण्या होता. दोन-चारच. घरोघरी मातीच्या चुली, हे मला मान्य आहे, पण पाहुण्याला आपण चुलीपाशी बसवतो की ओसरीवर? मी ती झाडं मुळासकट उपटली आणि बांधापलीकडे खड्डा करून पुरली. कृषी खात्याचा माणूसही तेच सांगून गेला होता, रोगट झाड दिसलं की उपटा आणि गाडा, म्हणजे शास्त्रसुद्धा माझ्या बाजूला होतं. मोकळ्या झालेल्या जागी टिश्यू कल्चरची नवी रोपं आणून नांग्या भरल्या. बांधावरच्या दगडांना चुना मारला. बागेच्या तोंडाशी केळीच्या खांबांची कमान. एक बॅनर केला, त्यावर सेन्सेईंचा फोटो विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घेतला, माझा घरचा, आणि मधे चारूचा बारावीचा. (प्रिंटिंगवाल्याकडे तिचा तोच होता, गुणवंतांच्या सत्काराच्या वेळचा. त्यात ती जरा रडवेली दिसते, पण बॅनर छापून झाला होता.) शेजारच्या जीवरामनं माझी धावपळ पाहिली आणि त्यानंही आपली बाग साफ करून टाकली, पाहुणे चुकून बांध ओलांडून आले तर म्हणून. त्याचं बघून त्याच्या पलीकडच्यानं केली. थोडक्यात, पाहुणे येईपर्यंत आमच्या शिवारात हरण्या औषधालाही उरला नाही.

पाहुणे आले. गाडीतून उतरल्याबरोबर सेन्सेई कमरेत वाकले. मी वाकलो. ते पुन्हा वाकले, मी पुन्हा वाकलो. माझ्या मनात, शेवटचं वाकणं यजमानाचं असावं. त्यांच्या मनातही त्यांच्या बाजूनं तसंच काहीतरी असावं. चारूनं मधे पडून सोडवलं नसतं तर अजून तिथेच असतो. मग सेन्सेईंनी पिशवीतून एक छोटी फवाऱ्याची बाटली काढली, बुटांचे तळवे उलटे करून त्यावर फवारलं, कोऱ्या फडक्यानं पुसलं आणि मगच बागेत पाऊल टाकलं. एका शेतातला रोग दुसऱ्या शेतात जाऊ नये म्हणून ते तसं करतात, हे मला आता माहीत आहे. त्या क्षणी मात्र सगळ्या गावाला वाटलं, बघा, काळ्या आईला केवढा मान देतात ही माणसं! बघता बघता सगळ्यांनी चपला काढल्या. जीवरामनं पुढे होऊन त्या बाटलीला हळद-कुंकू लावलं. सेन्सेईंनी ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला टेकवली, कारण त्यांना वाटलं, आमच्याकडे तशी रीत असेल. अशा रीतीनं चिखलात अनवाणी आम्ही आणि बूट घालून ते, अशी मिरवणूक बागेत शिरली.

ते रांगेरांगेनं फिरले. पान उलटं करायचं, भिंग लावायचं, पुढे जायचं. एका नव्या रोपापाशी थांबले. दोन्ही अंगांना मांडीपर्यंत आलेली झाडं आणि मधे हे वीतभर. (त्याची काळी पिशवीसुद्धा मी घाईत पूर्ण काढलेली नव्हती.) त्यांनी चारूला विचारलं, हेच एवढं लहान कसं? मी म्हणालो, सांग त्यांना, शेंडेफळ आहे. चारूनं त्याचं जपानीत काय केलं देव जाणे, पण सेन्सेईंनी त्या रोपालाही मान लववून नमस्कार केला. आणि प्रत्येक रांग संपली की म्हणायचे, फार सुंदर बाग, फार चांगली निगा. मी फुगत चाललो होतो. चारूचा चेहरा उतरत चाललाय हे मला दिसत होतं, पण मला वाटलं, प्रवासानं थकली असेल.

मग जेवणं. प्रमिलानं वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी केली होती. जपानी माणसाची रीत अशी की ताटात वाढलेलं टाकायचं नाही. आपली रीत अशी की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. या दोन रीती समोरासमोर पाटावर बसल्या तर काय होणार? सेन्सेईंनी बट्टी संपवली, मी वाढली. त्यांनी संपवली, मी तूप सोडून आणखी वाढली. चेहऱ्यावर तेच हसू, फक्त कपाळावर घाम. मी मोठ्या अभिमानानं जीवरामला म्हणालो, बघ, जपानलाही आपली बट्टी सोसवते. तेव्हा प्रमिला आतून आली, माझ्या हातातली बट्टी काढून घेतली आणि म्हणाली, "त्या पाहुनाले 'नही' म्हनता येत नही. तुमले दिखस नही का?" मग तिनं सेन्सेईंना ताटावर हात आडवा कसा धरायचा ते स्वतः करून दाखवलं. त्यांना इतका आनंद झाला की ते वाकून आभार मानायला लागले, पण त्या वेळी त्यांना वाकणं शक्य नव्हतं.

नाही म्हणता येत नाही, हे प्रमिलाचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. हात धुवायला मागे गेलो तर स्वैपाकघरात चारू पिठाच्या डब्याकडे तोंड करून रडत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, पप्पा, सर 'सुंदर बाग' म्हणतात म्हणजे बाग त्यांच्या काही उपयोगाची नाही. निरोगी केळी त्यांच्या घराजवळच्या दुकानात मिळतात, त्यासाठी ते एवढ्या लांब आले नाहीत. तुम्ही आजारी झाडं उपटली कशाला? मी म्हणालो, बेटा, आजारी झाड कुणी पाहुण्याला दाखवतं का? ती म्हणाली, डॉक्टरला दाखवतात, पप्पा. आबा, ज्या पोरीच्या कौतुकापायी मी कमान उभारली तिच्याच डिग्रीवर मी स्वतःच्या हातानं माती लोटली होती. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

दुसऱ्या दिवशी सेन्सेईंना सांगून खड्डा उकरला. पावसानं त्या झाडांचा काला होऊन गेला होता. सेन्सेई हातमोजे चढवून त्या चिखलात उकिडवे बसले आणि चिमट्यानं एकेक तुकडा काढून चारूच्या हातात देत राहिले, ती नळीत घालत राहिली. दुपार टळली. शेवटी चारूनं मान हलवली, यात काही उरलेलं नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सेन्सेई उठले, गुडघ्यांचा चिखल पुसला, माझ्याकडे पाहून हसले आणि चारूकडून मला सांगायला लावलं की आमच्या विद्यापीठात टोकियोहून तपासणीची मंडळी येतात तेव्हा आम्हीही बिघडलेली यंत्रं जिन्याखालच्या खोलीत लपवतो. एकदा तर एक विद्यार्थीसुद्धा लपवला होता, तो फार प्रश्न विचारायचा. हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे रचलं, ते मी चारूला विचारलं नाही. माझ्या खड्ड्यात ज्याची मेहनत गेली तोच माणूस मला धीर देत होता. तेव्हापासून मला तो माणूस घरचा वाटतो, आणि त्याच्या समोर बसलं की लाज वाटते.

मग मी शिवारभर हिंडलो, रोगट झाड आहे का हो तुमच्याकडे, असं विचारत. हा प्रश्न विचारून बघा एकदा आबा, म्हणजे आपली माणसं किती आहेत ते कळतं. जीवराम तर विळा हातात घेऊनच बोलला. "शालिग्राम, हे काय बोलनं झालं? माह्या बागात हरन्या? सात पिढ्यात नाई!" (टिश्यू कल्चरची केळी आमच्या गावात आली तेव्हा जीवरामला मिसरूड फुटली होती. बाकीच्या सहा पिढ्या त्यानं कुठून काढल्या ते तोच जाणे.) त्यालाही दोष देता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्यापाऱ्याच्या कानावर हरण्या गेला की तो लांबूनच गाडी वळवतो. म्हणून रोग सगळ्यांकडे आणि नाव कुणाकडेच नाही. सेन्सेई सांगत होते, खानदेशातून त्यांनी इतकी वर्षं माहिती मागवली, प्रत्येक उत्तरात रोग शेजारच्या तालुक्यात असतो. रावेरवाले म्हणतात यावलला आहे, यावलवाले म्हणतात चोपड्याला, चोपड्याच्यांनी शिरपूरकडे बोट दाखवलं. नकाशावर तो असा सरकत सरकत गुजरातेत निघून गेलेला त्यांच्याकडे दिसतो.

शेवटी नासीरभाईंना गाठलं. क्रेट भरायला त्यांची गाडी दोन्ही जिल्ह्यांतल्या बागांत फिरते, कुणाच्या पानावर काय आहे ते त्यांच्या डोळ्यांखालून जातं, पण हा माणूस कधी बोलत नाही. म्हणाले, शालिग्रामभाऊ, एका बांधावरचं दुसऱ्या बांधावर नेलं तर मला बागेत कोण पाय ठेवू देईल? मी परोपरीनं विनवलं. नाहीच. मग चारू गेली. त्यांची नाजमीन आणि आपली चारू शाळेत एका बाकावर बसायच्या, त्यामुळे तिचं उतरलेलं तोंड त्यांना बघवलं नसावं. नाव त्यांनी तरीही घेतलं नाही. गाडीची काच पुसता पुसता एवढंच म्हणाले, "बेटी, इस बार मामा के घर नहीं गई? जाना चाहिए. मामा का दिल बड़ा होता है." आणि गाडी काढून निघून गेले. मी या बोलण्याचा काहीही अर्थ लावलेला नाही. गाडीवाली माणसं, बोलतात काहीबाही.

असो. सेन्सेई येत्या गुरुवारी परत जातात. ते रोज सकाळी आमचं अंगण झाडतात, प्रमिला झाडू लपवून ठेवते, ते शोधून काढतात. चारू सगळ्यांशी हसून बोलते, पण जेवत नाही. बाकी नवल विशेष नाही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच असं मी धरून चालतो, आणि राग असेल तर तोही तुमचाच आहे, माझी ना नाही.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. पाकीट बंद करता करता सहज आठवलं म्हणून लिहितो. चारू आणि सेन्सेई रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणतात. बाग बघायला. तुम्ही रस्त्याच्या अंगाला हिरवी जाळी लावून घेतलीय असं ऐकतो. ती वाऱ्यासाठी असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या जाळीच्या आड देवाच्या दयेनं थोडाफार हरण्या असलाच, तर आबा, तो उपटू नका. फार नको, थोडाच पुरे. दुसऱ्याच्या बागेत रोग निघावा म्हणून नारळ बोलायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली, आणि तीही बायकोच्या माहेरच्या बागेसाठी. तुमचं नाव कुठेही येणार नाही. चारू म्हणते, प्रबंधात मालकाचं नाव नसतं, झाडाला नुसता नंबर असतो. म्हणजे तुमचा हरण्या जपानात जाऊन बसेल आणि तुमच्या शेजाऱ्यालाही पत्ता लागणार नाही.

आणखी एक ता. क. गेल्या पोळ्याला तुमच्या बांधावर, चार माणसांत आणि नेमकं व्यापाऱ्याच्या देखत मी म्हणालो, आबा, पानांवर पट्टे दिसतात, हरण्या तर नाही? तुम्ही म्हणालात, उन्हाचा रंग आहे. तिथून आपलं बोलणं बंद. प्रमिला म्हणते, माफी मागा आणि मोकळे व्हा. मी मागितलीही असती. तुमच्यापुढे वाकायला मला कमीपणा नाही, आता तर सरावही चांगला झालाय. पण माझी अडचण समजून घ्या. माफी मागायची म्हणजे तुमच्या बागेत हरण्या नव्हता असं कबूल करावं लागणार. आणि तो नसेल तर माझी पोरगी जाईल कुठे? तेव्हा माफीचं मार्चपर्यंत राहू द्या. ती डॉक्टर झाली की तुम्ही म्हणाल त्या चौकात मागतो. (अडलेल्या माणसाची एक म्हण आहे, तीत हरी आहे आणि आणखी एक प्राणी आहे. ती मी इथे मुद्दाम लिहीत नाही.)

शेवटचा ता. क. वर मी दोन-चार झाडं लिहिलं. तसं नव्हतं. निम्मी बाग होती, आबा. मजूर लावले तर गावात बोभाटा होईल म्हणून मी आणि प्रमिलानं दोघांनीच उपटली, आणि खड्डाही एक नव्हता. पाहुण्यांना मी पुढच्या रांगांतूनच फिरवलं. मागच्या अंगाला आता मोकळी जमीन आहे, ती हरभऱ्यासाठी ठेवलीय असं सांगितलं. गेल्या वर्षीही असंच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही. नेमकी किती गेली ते जीवरामला ठाऊक नाही, चारूलाही मी सांगितलेलं नाही. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली झाडं उपटताना हात धजत नाही हो. आणि नंतर चार लोकांत बसून आमच्याकडे कुठे हरण्या म्हणायचं. आता हे माझ्या सहीनं तुमच्याकडे लिहून दिलंय, तुम्ही पारावर वाचून दाखवलंत तरी मी नाही म्हणणार नाही. पण सेन्सेईंना तुमची बाग उघडी करून द्या. हा रोग येतो कुठून, ते एकदा कळू दे. मी उपटून उपटून थकलोय.

दादा, मी प्रमिला. पाकीट चिकटाडाले मनाकडे दिधं म्हनीसन चार वळी लिखस. यासले माहीत नही, पन वहिनी आनि मी रोज फोनवर बोलतस. आज सकायले वहिनी सांगे, जपानना पाहुना येनार शे हाई नासीरभाईकडथून समजनं तवयपाशी तू बागमा मानसं लायेल शेतस, रोगट झाडं उपटीसन बठ्ठं साफ करी ऱ्हायना, आनि कमान बी बांधी ऱ्हायना. दादा, तुना पाय पडस, मानसं घर धाडी दे. कमान ऱ्हाऊ दे, तुनी हौस शे. पन एक तरी रोगट झाड उभं ठेव. भाचीले मामाना तोच आहेर.